पेरोव्हस्काइटच्या बातमीत स्फटिकाचं पण सांगा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थापासून केलेल्या सोलर सेलवर अर्धं पान आलं होतं. हेडिंग असं होतं की आता सिलिकॉनच्या पॅनेलचे दिवस भरले. बातमी खोटी होती असं मी म्हणत नाही, आकडे बरोबर होते, पण त्याचा परिणाम काय झाला ते सांगतो. मी कराडच्या आसपास रूफटॉप सोलर बसवायचं काम करतो आणि सोमवार उजाडल्यापासून ज्यांचं कोटेशन फायनल झालं होतं तेच फोन करून सांगायला लागले की साहेब जरा थांबू, ते पेंटसारखं भिंतीला मारायचं नवीन सोलर येतंय म्हणे, निम्म्या पैशात होईल. एकाने तर विचारलं की टाकीला मारलं तर चालेल का. आता हसावं का रडावं.

धंद्याचं रडगाणं गायला हे पत्र लिहीत नाहीये. माझं एमएससी फिजिक्स कोल्हापूरला झालं, थिन फिल्मवर, म्हणजे अगदी पातळ थरांवर, प्रोजेक्ट केला होता, आणि हा विषय मला मनापासून आवडतो म्हणून लिहितोय. तुमच्या बातमीत ३.८ टक्क्यांपासून २६ टक्क्यांच्या पुढे एफिशियन्सी (पडलेल्या उजेडातला किती भाग वीज होतो ते) गेली हे होतं, ते कुणी केलं हे पण थोडंफार होतं, पण कसं केलं हे एका ओळीतसुद्धा नव्हतं. आणि खरी गंमत तर तिथेच आहे ना. २००९ पासून आजपर्यंत सूर्यप्रकाश शोषणारा मूळ पदार्थ फारसा बदललेलाच नाही, त्याच खानदानातला आहे. बदललं ते काय, तर त्याचा स्फटिक कसा वाढवायचा आणि वाढताना त्यात राहिलेल्या खोटी, म्हणजे उणिवा, कशा बुजवायच्या, एवढंच. ही गोष्ट कळली की हे पॅनेल आज बाजारात का नाही आणि उद्या आलं तर कुठल्या रूपात येईल हे दोन्ही आपोआप कळतं.

आधी पदार्थाबद्दल थोडक्यात. पेरोव्हस्काइट हे मुळात एका खनिजाचं नाव, १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेलं कॅल्शियम टायटनेट, पेरोव्हस्की नावाच्या रशियन माणसाच्या नावावरून ठेवलेलं. सोलर सेलमध्ये ते खनिज नसतं, फक्त अणूंची मांडणी तशी असते. मधे शिसं, त्याच्या सहा बाजूंना आयोडीन किंवा ब्रोमीन, आणि अशा अष्टफलकांच्या मधल्या पोकळीत मिथाइलअमोनियम, फॉर्मामिडिनियम हे सेंद्रिय आयन नाहीतर सिझियम. जपानमध्ये योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये हे पहिल्यांदा सोलर सेलमध्ये वापरलं, ३.८ टक्के मिळाले, आणि आतल्या द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये तो पदार्थच विरघळून जायचा त्यामुळे सेल काही टिकायचा नाही. २०१२ मध्ये कोरियाचे नाम-ग्यू पार्क आणि इंग्लंडात ऑक्सफर्डचे हेन्री स्नेथ यांच्या गटांनी द्रव काढून घन थर टाकला आणि दहा टक्क्यांच्या आसपास मजल मारली, आणि मग जगभरच्या लॅब यावर तुटून पडल्या.

का तुटून पडल्या ते सिलिकॉनशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. सिलिकॉन १४१४ अंशाला वितळतो, मोठाले स्फटिक करायचे तर वितळलेल्या सिलिकॉनमधून दांडा हळूहळू फिरवत वर ओढायचा, मग त्याच्या चकत्या कापायच्या, चकती साधारण दीडशे मायक्रॉन जाडीची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पेरोव्हस्काइटचा थर अर्धा मायक्रॉन. आणि तो करायचा कसा तर लेड आयोडाइड आणि ते सेंद्रिय क्षार द्रावकात विरघळवायचे, काचेवर पसरायचे आणि शंभर-दीडशे अंशावर तापवायचे, बस. भट्टी नाही, करवत नाही. आता ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की तुमच्या बातमीदाराने 'पेंट' लिहिलं त्यात त्याचाही फार दोष नाही. पण सिलिकॉनचा स्फटिक सावकाश वाढतो, त्याला आपली जागा शोधायला वेळ मिळतो. पेरोव्हस्काइटचा स्फटिक काही सेकंदांत जन्माला येतो, आणि त्या सेकंदांत जे बिघडलं ते सेलच्या जन्माला पुरतं.

आमच्या भागातल्या लोकांना हे समजवायला मी साखर कारखान्याचं पॅन सांगतो, कारण माझे वडील पॅनवर होते आणि या पट्ट्यातल्या निम्म्या घरात कुणीतरी कारखान्यात असतंच. पॅनमध्ये सिरप आटवत आटवत नेतात, एका ठरावीक घट्टपणाला आलं की बारीक सीड सोडतात, आणि मग पॅनमन प्रूफ स्टिकने सॅम्पल काढून काचेवर पसरून दिव्यासमोर धरून दाणा बघत बसतो. आटवणं जरा जास्त झालं की सोडलेल्या दाण्यांव्यतिरिक्त आपोआप नवा भुगा तयार होतो, त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात, आणि तो झाला की पुढे साखर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगलला सगळी बोंब. म्हणजे दाणा जन्माला घालणं आणि असलेला दाणा वाढवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि द्रावण किती घट्ट आहे यावर त्यातलं कुठलं होणार हे ठरतं. पेरोव्हस्काइटमध्ये भौतिकशास्त्र हेच, फक्त इथे सीड न सोडता सगळ्या काचेवर एकाच क्षणी दाट दाणे पडायला लावायचे असतात आणि मग लगेच नवीन दाणे पडणं थांबवून आहेत तेच वाढू द्यायचे असतात. पॅनला काही तास मिळतात, इथे वीस-तीस सेकंद.

हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पटत नाही. माझा एक मित्र यावर पीएचडी करत होता तेव्हा त्याच्या लॅबमध्ये जाऊन मी बघितलेलं आहे. काचेच्या पेटीत नायट्रोजन भरलेला, बाहेरून जाड रबरी हातमोज्यांत हात घालून आत काम करायचं. आत स्पिन कोटर, त्यावर काडेपेटीएवढी काच, त्यावर पिवळसर द्रावणाचे थेंब, आणि मग काच मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांनी फिरायला लागते. द्रावण पातळ होत जातं, काचेवर रंगीत पट्टे फिरताना दिसतात, मित्र पिपेट हातात धरून नजर न हलवता बघत उभा, मनात सेकंद मोजतोय, आणि एका क्षणी त्याने क्लोरोबेंझीन मधोमध सोडलं. क्लोरोबेंझीनमध्ये पेरोव्हस्काइट विरघळत नाही पण मूळ द्रावक त्यात मिसळतो, म्हणजे काय झालं तर द्रावक अचानक पळवला गेला आणि सगळीकडे एकदम दाणे पडले. जवळजवळ पारदर्शक असलेली काच डोळ्यांदेखत तपकिरी झाली, हॉटप्लेटवर ठेवली तशी काळी आणि आरशासारखी. मग त्याने मुद्दाम मला दुसरी काच दाखवली ज्यात थेंब जरा उशिरा पडला होता, ती धुरकट, भाकरीच्या तव्यावर पाणी वाळल्यासारखी. तिसरीत लवकर पडला होता, तिच्यात मायक्रोस्कोपखाली भोकंच भोकं. भोक म्हणजे वरचा थर खालच्या थराला टेकला, आतल्या आत शॉर्ट. द्रावण तेच, माणूस तोच, काच तीच.

हा थेंब सोडायचा प्रकार जगात रुळला तो २०१४ च्या सुमाराला. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी क्लोरोबेंझीनने केलं, आणि कोरियाच्या केआरआयसीटी संस्थेत सांग इल सोक यांच्या गटाने टोल्युइन वापरून केलं. सोक यांची जास्तीची हुशारी अशी की त्यांनी द्रावणात डीएमएसओ नावाचं आणखी एक द्रावक घातलं. ते लेड आयोडाइडला चिकटून बसतं, त्यामुळे लगेच पेरोव्हस्काइट न होता आधी एक मधली अवस्था तयार होते, सपाट आणि एकसारखी, आणि मग तापवल्यावर डीएमएसओ उडून जाऊन तिचं शांतपणे पेरोव्हस्काइट होतं. घाईत जन्मणाऱ्या स्फटिकाला मधे एक थांबा दिला म्हणा ना. त्यावर १६.२ टक्के सर्टिफाय झाले आणि पुढच्याच वर्षी त्याच गटाने २० ओलांडले. पदार्थाचा शोध नाही, नवीन धातू नाही, फक्त स्फटिकीकरणाचा वेळ हातात घेतला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पान आहे आणि ते कुठल्याच बातमीत येत नाही कारण त्यात 'चमत्कारी पदार्थ' नाही.

दुसरी भानगड रंगाची. फॉर्मामिडिनियम लेड आयोडाइड हा सूर्यप्रकाशासाठी सगळ्यात चांगला, पण त्याची दोन रूपं आहेत, काळं आणि पिवळं. काळं कामाचं, पिवळं निरुपयोगी. आणि वांधा असा की साध्या तापमानाला निसर्गाला पिवळंच आवडतं, काळं करायला दीडशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं आणि थंड झाल्यावर, त्यात दमट हवा लागली की, ते हळूहळू परत पिवळ्याकडे जातं. यावर उपाय म्हणून २०१६ मध्ये स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल विद्यापीठात मायकेल सलीबा आणि सहकाऱ्यांनी फॉर्मामिडिनियम, मिथाइलअमोनियम आणि चिमूटभर सिझियम असं तिन्ही एकत्र केलं. २१.१ टक्के आले, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की प्रत्येक वेळी सेल सारखा यायला लागला, आज पंधरा उद्या अकरा हे बंद झालं. पुढे मिथाइलअमोनियम क्लोराइड घालून बघितलं, ते स्फटिक मोठा वाढवतं आणि काळ्या रूपाला आधार देतं आणि तापवताना बरंचसं उडूनच जातं, म्हणजे काम करून निघून जाणारा पाहुणा. २०२१ मध्ये फॉर्मेट आयन टाकून २५.६ टक्के आले, कारण तो आयोडीनच्या रिकाम्या जागेत जाऊन बसतो आणि वाढही सुधारतो.

आता त्या रिकाम्या जागांबद्दल. कुठलाही स्फटिक पूर्ण नसतो, कुठे अणू गायब, कुठे चुकीच्या जागी, कुठे दोन दाण्यांच्या शिवेवर अर्धवट बंध लोंबकळतायत. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर मागे राहिलेली रिकामी जागा) सुटे होतात आणि त्यांनी दोन टोकांना पोचायचं असतं, पण वाटेत डिफेक्टच्या खड्ड्यात इलेक्ट्रॉन अडकला की तिथेच होलशी भेट होऊन दोघं संपतात, वीज होत नाही, उष्णता होते आणि सेलचा व्होल्टेज पडतो. सिलिकॉनमध्ये लोखंडासारखी अशुद्धी अगदी नगण्य असली तरी सेल मार खातो म्हणून तो इतका शुद्ध करावा लागतो. मग काही सेकंदांत केलेला हा गचाळ स्फटिक चालतो तरी कसा? कारण या पदार्थात जे डिफेक्ट सहज तयार होतात त्यातले बरेचसे उथळ असतात, म्हणजे त्यांची ऊर्जापातळी कडेला असते, मधोमध खोल नसते, त्यामुळे इलेक्ट्रॉन पडला तरी उठून पुढे जातो. हे नशीब आहे असं म्हणा. सिलिकॉनला असं नशीब नाही.

पण सगळेच उथळ नसतात, आणि खोलवाले बहुतेक पृष्ठभागावर जमतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या जिनसाँग हुआंग यांच्या गटाने २०२० मध्ये थराच्या जाडीतून कुठे किती ट्रॅप, म्हणजे असे खड्डे, आहेत ते मोजून दाखवलं, आणि पृष्ठभागाजवळचे ट्रॅप आतल्यापेक्षा दहापट ते शंभरपट जास्त निघाले. म्हणजे दाणा मोठा करा, दाणा मोठा करा हे सगळे करत होते ते ठीक, पण खरी गळती कातडीतून चाललेली. माझं वैयक्तिक मत असं की दाण्याच्या साइजचं थोडं अवडंबरच झालं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा सुंदर फोटो पेपरात छापता येतो म्हणून. मोठ्या दाण्याचा पण उघड्या कातडीचा सेल बारीक दाण्याच्या पण नीट झाकलेल्या सेलकडून हरतो. आणि झाकायचं कसं, तर २०१९ मध्ये बीजिंगच्या सेमीकंडक्टर संस्थेत जिंगबी यू यांच्या गटाने फिनाइलइथाइल अमोनियम आयोडाइड नावाच्या क्षाराचं पातळ द्रावण तयार थरावर नुसतं पसरवलं. पृष्ठभागावरच्या आयोडीनच्या रिकाम्या जागा बुजल्या, व्होल्टेज १.१८ व्होल्टपर्यंत गेला आणि २३.३ टक्के सर्टिफाय झाले. वरवर बघितलं तर एक जास्तीची स्टेप, पण आज चांगल्या सेलमध्ये असा काहीतरी झाकणारा थर नाही असं सहसा होत नाही. लेड आयोडाइडचंही तसंच आहे, थोडंसं जास्तीचं ठेवलं तर दाण्यांच्या शिवांवर बसून खोटी झाकतं, फार ठेवलं तर उजेडात तेच फुटतं आणि सेल घेऊन बुडतं. प्रमाण सगळं.

इथपर्यंत एफिशियन्सीचं झालं. आता टिकण्याचं, आणि हे मात्र माझ्या गिऱ्हाइकांच्या कामाचं. पेरोव्हस्काइटमधले आयन जागेवर बसत नाहीत. उष्णता आणि उजेड मिळाला की आयोडीन चालायला लागतं, आणि चालतं कुठून तर त्याच रिकाम्या जागांमधून आणि दाण्यांच्या शिवांवरून. म्हणजे ज्या खोटी आज एफिशियन्सी खातात त्याच उद्या आयुष्य खातात, दोन वेगळे आजार नाहीत हे. आयोडीन चालत चालत धातूच्या इलेक्ट्रोडपर्यंत गेलं की त्याला खातं. दमट हवा आत आली तर थर विरघळून परत पिवळं लेड आयोडाइड. शिवाय आयोडीन आणि ब्रोमीन एकत्र असलेल्या थरात उजेड पडला की दोघं वेगवेगळे होऊन आपापले कंपू करतात, स्टॅनफर्डच्या एरिक होक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे दाखवलं म्हणून त्याला होक इफेक्ट म्हणतात. अंधारात ठेवलं की परत मिसळतात, पण पॅनेल अंधारात ठेवायला कोण घेतं.

एप्रिलमध्ये आमच्याकडच्या स्लॅबवर दुपारी पॅनेलला हात लावून बघा, साठ-सत्तर अंशांपर्यंत सहज जातं. जून ते सप्टेंबर वरून पाऊस आणि हवा ओली. पॅनेलच्या ठरलेल्या टेस्टमध्ये ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात, म्हणजे बेचाळीसेक दिवस, आणि सिलिकॉनवाले ते पास करून वर २५ वर्षांची परफॉर्मन्स वॉरंटी देतात. लॅबमधला रेकॉर्डवाला पेरोव्हस्काइट सेल यासाठी केलेलाच नसतो, त्याला तो दोष द्यायचा नाही, धावायच्या शर्यतीतल्या बैलाकडून नांगरट मागू नये. पण बातमीत शर्यतीचा बैल छापून खाली 'लवकरच शेतात' असं लिहू नये एवढंच म्हणणं.

साइजची पण गोष्ट हीच. रेकॉर्ड होतात ते नखाएवढ्या सेलवर, फार तर एक चौरस सेंटिमीटर. तो पिपेटचा थेंब आठवा, काडेपेटीएवढ्या काचेवर तो मधोमध पडून एकसारखा पसरतो, दोन मीटरच्या काचेवर कुठे टाकणार आणि काच फिरवणार कशी. म्हणून कारखान्यात पद्धतच बदलावी लागते. लांब फटीतून द्रावणाचा पातळ पडदा काचेवर सोडायचा, त्याला स्लॉट-डाय म्हणतात, आणि थेंबाऐवजी मागून नायट्रोजनची सपाट धार मारायची किंवा व्हॅक्यूममध्ये द्रावक ओढून घ्यायचा. म्हणजे स्फटिक जन्माचा तो क्षण आता काचेवरून एका रेषेसारखा सरकत जातो आणि ती रेषा कुठे डगमगली तर तिथे पट्टा उमटतो. शाई बदला, डीएमएसओचं प्रमाण बदला, हवेचा दाब बदला, सगळं पहिल्यापासून. लॅबवाल्यांनी सोडवलेला प्रश्न कारखान्यात नव्याने सोडवावा लागतो.

आणि तरीही काम पुढे सरकतंय, त्याबद्दल मी कौतुकच करतो. फक्त ते सिलिकॉनला हटवून नाही, सिलिकॉनच्या डोक्यावर बसून, आणि तुमच्या हेडिंगची गोची इथे होते. एकट्या सिलिकॉनला थिअरीप्रमाणे साधारण २९ टक्क्यांची मर्यादा आहे आणि चांगले सेल तिच्या जवळ येऊन ठेपलेत. वर पेरोव्हस्काइटचा थर दिला की तो डोळ्यांना दिसणारा बहुतेक उजेड घेतो, लालच्या पलीकडचा खाली सिलिकॉनला सोडतो, दोघांची बेरीज होते. चीनच्या लाँगी कंपनीने असा टँडेम सेल २०२४ मध्ये ३४.६ टक्क्यांपर्यंत नेला. यातही डोकेदुखी स्फटिकाचीच, कारण सिलिकॉनच्या पृष्ठभागावर प्रकाश परत जाऊ नये म्हणून मायक्रॉनभर उंचीचे पिरॅमिड कोरलेले असतात आणि त्यांच्या उतारावर अर्ध्या मायक्रॉनचा थर एकसारखा वाढवायचा, द्रावण तर खाली दरीत जाऊन साठतं. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल आणि सीएसईएमच्या लोकांनी आधी लेड आयोडाइडचा थर वाफेने पिरॅमिडवर बसवला आणि मग त्यावर सेंद्रिय क्षाराचं द्रावण टाकून जागच्या जागी पेरोव्हस्काइट केलं, २५.२ टक्के मिळाले. मला ही युक्ती फार आवडते, आधी साचा मग स्फटिक. ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या आपल्या कारखान्यातून टँडेम पॅनेलांची पहिली व्यापारी खेप अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला पाठवली, त्या पॅनेलची एफिशियन्सी २४.५ टक्के. सेल ३४ आणि विकलेलं पॅनेल २४.५, हे दोन आकडे बातमीत शेजारी शेजारी छापले तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतील.

आपल्याकडे काय चाललंय हे पण छापा ना. पवईला आयआयटी मुंबईत २०१० पासून राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन आणि शिक्षण केंद्र आहे, तिथल्या दिनेश काबरा यांच्या गटाने २०२३ मध्ये वर पारदर्शक पेरोव्हस्काइट आणि खाली सिलिकॉन असा चार तारांचा टँडेम करून २६ टक्क्यांच्या वर नेला. चार तारांचा म्हणजे वरचा आणि खालचा सेल वेगवेगळा जोडलेला, त्यामुळे दोघांचा करंट जुळवायची कटकट नाही. पुण्यात आयसरमध्ये काम होतं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मची परंपरा तर जुनीच आहे, तिथून शिकून दक्षिण कोरियाला गेलेली आमच्या भागातली पोरं आज पेरोव्हस्काइटवरच्या चांगल्या चांगल्या पेपरवर नावं लावून आहेत, त्यांच्या गावात कुणाला पत्ता नाही. त्यांच्यापैकी एखाद्याला फोन करून विचारा की पावसाळ्यात लॅबमधली आर्द्रता वाढली की फिल्मचं काय होतं, अर्धं पान सहज भरेल आणि वाचणाऱ्याला रेकॉर्डच्या आकड्यापेक्षा जास्त समजेल.

बातमी देताना बातमीदाराने एवढं तरी विचारावं की सेल केवढा होता, आकडा कुणी बाहेरच्या लॅबने सर्टिफाय केला का कंपनीने स्वतःच मोजला, आणि उजेडात, उष्णतेत किती तास चालवून किती टक्के शिल्लक राहिले. शेवटचं विचारलं की बऱ्याच प्रेस नोट गप्प होतात, माझा अनुभव आहे.

आणि जे थांबलेत त्यांना आपल्या पेपरातून माझा निरोप. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आज मिळतीये आणि ती देशात बनलेल्या सिलिकॉन पॅनेलवर मिळतीये. वीजबिल दर महिन्याला येणारच आहे. उद्या टँडेम आलं तरी ते दिसायला असंच काचेचं, अॅल्युमिनियमच्या फ्रेममधलं पॅनेल असणार, खाली सिलिकॉनच असणार, फक्त तेवढ्याच जागेत वीज जास्त. ज्याच्या गच्चीत जागा कमी आहे त्याने वाट बघण्यात थोडा तरी अर्थ आहे, ज्याची आख्खी स्लॅब मोकळी पडलीये त्याला काहीच नाही. आणि टाकीला मारायचा पेंट सध्या तरी हार्डवेअरच्या दुकानातच मिळतो.

आपला नियमित वाचक,
एक रूफटॉप सोलरवाला, कराड

ता.क. दोघातिघांनी शिशाबद्दल विचारलं म्हणून लिहितो. पेरोव्हस्काइटमध्ये शिसं असतं हे खरं, पण थर इतका पातळ की एका चौरस मीटरमध्ये ते एका ग्रॅमच्या आत बसतं, आणि घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत किलोने असतं. तरी काळजी उगाच नाही, कारण बॅटरीतलं शिसं डब्यात बंद असतं आणि हे पाण्यात थोडं का होईना विरघळणाऱ्या रूपात असतं, गारपिटीत काच फुटली आणि वर पाऊस आला तर ते पन्हाळीतून खाली येणार. त्यासाठी शिसं धरून ठेवणारे थर पॅनेलच्या आत घालायचे प्रयोग चालू आहेत. शिशाऐवजी कथील वापरून बघतात, पण कथिलाचं हवेत लगेच ऑक्सिडेशन होतं, आणि त्याचा स्फटिक शिशापेक्षाही भराभर पडतो, म्हणजे तिथे पिपेट धरणाऱ्याला आणखी कमी वेळ.